चिंचेच्या पाण्यात राहिलेली पुंगळी

मित्रांनो, माझ्या तळावर जे माप कोरले आहे, ते आता माझे नाही. मी रायफलच्या काडतुसाची एक जुनी पितळी पुंगळी आहे. गोळी माझ्या मुखाशी बसते, दारू माझ्या पोटात राहते. गोळी उडून जाते, दारू जळून जाते. मागे मी उरते.

तांबे आणि जस्त यांच्या संयोगाने पितळ होते. तशा पितळेच्या एका चकतीला यंत्राने ओढून ओढून लांब केले, तिला खांदा दिला, मान दिली, आणि मी झाले. पुढे ॲरिझोनातल्या एका नेमबाजीच्या मैदानावर माझे काम एका क्षणात संपले. मी तापलेल्या वाळूत पडले. वॉल्ट नावाच्या एका वृद्ध गृहस्थाने मला उचलून खिशात टाकले.

वॉल्टकडे त्याच्या आजोबांची रायफल होती. तिच्या मापाची काडतुसे दुकानात मिळेनाशी झाली होती. माझ्यासारखी लांब पुंगळी आखूड करून त्या मापाची करता येते. परंतु वॉल्टचे हात आता थरथरत. म्हणून त्याने आम्हा वीस जणींना चँडलरमधल्या आपल्या शेजाऱ्याकडे, सुमंतरावांकडे, सोपवले; त्यांना तो 'सॅम' म्हणे. सुमंतरावांनी संगणकाच्या चिपच्या कारखान्यात बत्तीस वर्षे एकच काम केले होते: धातू का तडकतो, याचा शोध.

त्या वर्षी सोडतीत वॉल्टला एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना मिळाला होता. त्यासाठी तो अकरा वर्षे थांबला होता. आजोबांच्या रायफलीनेच जायचे, हे त्याने ठरवले होते.

सुमंतरावांनी गॅरेजमध्ये काम आरंभले. माझी मान ज्योतीवर धरून मऊ केली. अंगाला तेल लावून मला पोलादी साच्यात दाबले. माझा खांदा खाली सरकला. वरची जास्तीची मान करवतीने कापली. जे उरले ते आतून जाड झाले होते; तेही कोरून पातळ केले. मित्रांनो, नवे रूप घेताना दुखते की नाही, हे मला सांगता येत नाही. हात जाणता होता, एवढे सांगते.

"अहो, हे गॅरेज आहे की तांबट आळी?" सुमंतरावांच्या पत्नी नीलांबरीकाकू दारातून म्हणाल्या. "अंडंसुद्धा न खाणारा माणूस शिकाऱ्याची काडतुसं घडवतोय!"

"मी फक्त पितळ घडवतोय. शिकार त्याची."

ज्योतीने आम्ही काळवंडलो होतो. दिवाळी जवळ आली होती. काकूंनी देवाची भांडी चिंच-मिठाच्या पाण्यात टाकली होती. सुमंतरावांना आपल्या आईचे हात आठवले असावेत. त्यांनी आम्हा विसांनाही वेगळ्या वाडग्यात तशाच पाण्यात सोडले.

"दहा मिनिटं हं," काकूंनी बजावले, आणि आपली भांडी दहा मिनिटांनी काढून नेली. सुमंतराव मात्र टूसॉनच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचे सामान गाडीत भरू लागले. दोघे निघून गेले. आम्ही दोन रात्री आणि दोन दिवस आंबटात राहिलो.

रविवारी सायंकाळी ते परतले, तेव्हा आमचे अंग गुलाबी झाले होते. आंबटाने आमच्यातले जस्त खाल्ले होते आणि तांबे उघडे पडले होते. असे पितळ ठिसूळ होते, हे सुमंतरावांना पुरते ठाऊक होते. तरी त्यांनी आम्हाला उजळण्याच्या यंत्रात घातले. सकाळी आम्ही सोन्यासारख्या चमकत होतो.

"आता कळणारसुद्धा नाही," ते पुटपुटले.

"कुणाला?" काकूंनी विचारले.

ते आम्हाला डब्यात भरू लागले.

दुपारी वॉल्ट आला. मला उचलून उन्हात धरत म्हणाला, "सॅम, अरे ह्या भरायच्या की बायकोच्या गळ्यात घालायच्या? चार दिवसांनी हंगाम सुरू!"

सुमंतरावांनी मला त्याच्या बोटांतून काढून घेतले. पक्कड घेतली. "वॉल्ट, इकडे बघ," एवढेच म्हणाले आणि माझे मुख दाबले. निरोगी पितळ अशा वेळी वाकते. मी तडकले.

वॉल्टने मला प्रकाशाकडे धरले. भेगेतून उजेड आरपार आला.

"माझी चूक आहे. दोन दिवस आंबटात विसरलो. आणि सकाळपर्यंत तुला सांगणारही नव्हतो," सुमंतराव म्हणाले.

"अकरा वर्षं, सॅम."

"माहीत आहे."

वॉल्टने खांद्याला रायफल लावल्यासारखा हात उचलला. "हे फुटतं, तेव्हा डोळ्यापासून किती लांब असतं?"

"चार बोटं."

वॉल्ट घरी गेला. सुमंतरावांनी उरलेल्या एकोणीस जणींची मुखे एकेक करून चेपली, म्हणजे कोणी चुकूनही त्यांत दारू भरू नये. मला त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

मित्रांनो, तुमच्या हाती आलेली वस्तू उजळण्याआधी तिचा धातू ओळखा. ती तुमच्याच हातून बिघडली, तर तिच्यावर चकाकी चढवून दुसऱ्याच्या हाती देऊ नका. मी मोडले याचा मला खेद नाही. न मोडता गेले असते, तर त्याचे पाप माझ्या माथी आले असते.

वॉल्ट जावयाची रायफल घेऊन डोंगरात गेला. त्याला एल्क मिळाले की नाही, हे मला ठाऊक नाही. आठवड्याने तो गॅरेजच्या दारात उभा राहिला आणि सुमंतरावांकडे रागाने पाहत राहिला. दोन्ही डोळ्यांनी.