मूठभर कणीक

दिग्रसात त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, पण ज्वारीला अचानक मान आला. जिनिंगवाल्या शेटजींच्या बायकोनं वजन कमी करायला गहू सोडला, मग कॉलनीतल्या निम्म्या बायकांनी सोडला. ज्या भाकरीला कालपर्यंत नाकं मुरडली, तीच ‘ग्लुटेन फ्री’ म्हणून दुकानात पाकिटात जाऊन बसली. अन् ह्याच बायका लग्नात मैद्याच्या जिलबीवर तुटून पडत. त्यांना कधी काही झालं नाही, हे शुभदाताईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यामुळे यवतमाळहून सुटीला आलेल्या नातीचा, आभाचा, गहू डॉक्टरांनी आतड्याच्या आजारामुळे कायमचा बंद केलाय हे त्यांना पटेचना. नवीन थेरं, दुसरं काय! साऱ्या गोतावळ्यात नावाजलेली त्यांची घडीची पोळी, आणि नात ती सोडून शेजारच्या हुस्नाबीकडे भाकर खायला पळायची. वर तिला ‘हुस्नाआजी’ म्हणायची. ते ऐकलं की शुभदाताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आजी एकच असते, आणि ती आपण!

मग त्यांनीही भाकरी थापायला घेतल्या. पण जन्म गेला पोळ्या लाटण्यात. भाकर परातीतून उचलली की तुटायची. भिंतीपलीकडून हुस्नाबीच्या थापण्याचा एकसारखा आवाज यायचा आणि इकडे जळफळाट व्हायचा. शेवटी एका दुपारी त्यांनी ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक मिसळली. भाकर अलगद उचलली गेली, तव्यावर टम्म फुगली.

“आजी, हुस्नाआजीपेक्षा भारी झाली!” आभा म्हणाली. शुभदाताईंनी लगेच दुसरी वाढली.

संध्याकाळी पोर पोट धरून गडाबडा लोळली. उलट्या थांबेनात. दवाखान्यातून परत आल्यावर आभाचे आजोबा चंद्रशेखरराव बायकोला म्हणाले, “तिकडंच काही खाल्लं असन पोरीनं. आता तिले हुस्नाबीकडं पाठवू नको.”

शुभदाताई गप्प बसल्या. गप्प बसणं फार सोपं होतं.

तेवढ्यात हुस्नाबी दारात आली. “पोरगी कशी हाये वो ताई?”

“झोपली,” म्हणत चंद्रशेखररावांनी दार लोटून घेतलं.

आत आभानं आजीचा पदर धरला. “आजी, मी नाही जात आता तिकडं. तुझ्याच हातची भाकर खाईन.”

हेच ऐकायला त्यांचा जीव आसुसला होता. ऐकलं मात्र, त्या उठल्या, नवऱ्याला बाजूला सारून दार उघडलं. हुस्नाबी अजून पायरीवरच उभी होती.

“हुस्नाबी, भाकरीत कणीक मीच घातलती,” शुभदाताई म्हणाल्या. “पोरीले तुमच्या पिठाची भाकर थापून द्या.”

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून तो एकसारखा आवाज आला. शुभदाताईंना अजूनही त्याचा हेवा वाटला.