तीनदा वाचलेलं पान

लेखकाने थोरल्या सूनबाईला आंधळी केली, ती एका अक्कलदाढेपायी.

थोरली सूनबाई म्हणजे रोज संध्याकाळी साडेसातला घरोघरी हजेरी लावणाऱ्या मालिकेची नायिका. ते काम करणाऱ्या नटीची दाढ अशी सुजली, की एका गालाचे दोन झाले, आणि दातांच्या डॉक्टरने तिला दहा दिवस घरी बसवलं. आता मालिका काही कुणाच्या दाढेसाठी थांबत नाही. लेखकाने अर्धा तास डोकं खाजवलं आणि तोडगा काढला: सूनबाईला मोतीबिंदू झाला, त्याचं ऑपरेशन झालं, आणि कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत पांढरी पट्टी बसली. पट्टीखाली कोण आहे, हे कोण बघतंय? कपडेपटात काम करणारी, त्याच बांध्याची एक बाई खाटेवर नेऊन बसवली. तिचा आवाज वेगळा होता, म्हणून डॉक्टरांनी बोलायलाही मनाई केल्याचं लिहून टाकलं. तिशीतल्या सुनेला मोतीबिंदू कसा आणि डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तोंड का बंद, हे प्रश्न सेटवरच्या साठ माणसांपैकी एकालाही पडले नाहीत.

पट्टीने कमाल केली. प्रेक्षक वाढले. निर्मातीबाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, ‘‘पट्टी सुटली की तिला अंधारच दिसू दे. एवढं कमावलेलं एका दिवसात घालवायचं नाही.’’ मग लेखकाने तो प्रसंग लिहिला. पट्टीचे वेढे सुटत जातात, सूनबाई ‘दिवे का घालवले?’ म्हणून विचारते, आणि मालिकेतला डॉक्टर मान खाली घालून म्हणतो, ‘‘हे ऑपरेशन म्हणजे जुगार असतो. आम्ही सांगत नाही, एवढंच.’’ या वाक्यावर लेखक स्वतःच इतका खूश होता, की त्या दिवशी त्याने दोन चहा जास्त घेतले.

तो भाग दाखवला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई म्हणाली, ‘‘माझी तारीख रद्द कर.’’

आईला डोळा एकच. डावा लहानपणी खेळताना काठी लागून गेलेला. उरलेल्या उजव्यावर तिने छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली, म्हणजे छापायला जाणाऱ्या प्रत्येक पानातल्या चुका हुडकल्या, आणि एकटीने पोराला वाढवलं. त्या उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदू पिकला होता. माणसं तिला आकारावरून आणि खोकल्यावरून ओळखू येत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘‘महिन्याच्या आत करून घ्या. हा फुगला आणि डोळ्यात दाब वाढला, तर गेलेली नजर मलाही परत आणता येणार नाही.’’ ऑपरेशनला बारा दिवस उरले होते.

‘‘आई, अगं ती मालिका आहे,’’ लेखक म्हणाला. ‘‘ती पट्टीखालची बाई तर नायिकासुद्धा नव्हती!’’

‘‘ते मला पहिल्याच दिवशी कळलं. तिची बसायची ढब वेगळी होती.’’

‘‘मग? एवढं कळतं, तर बाकीचं खरं कसं धरतेस?’’

‘‘माणसं सोंगं घेतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं रे. पण औषधपाण्याचं कुणी मनाने लिहितं का? लाखो लोक बघतात. तू कुणा डॉक्टरला विचारूनच लिहिलं असशील ना?’’

‘हो’ म्हणणं सोपं होतं. पण ‘हो’ म्हटलं तर ऑपरेशन जुगार ठरत होतं. लेखक पहिल्यांदाच आपल्याच कथेत पुरता अडकला.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘कुणालाच नाही विचारलं. नटीची दाढ सुजली होती, म्हणून लिहिलं.’’

आईने हातातली कपबशी चाचपून टेबलावर ठेवली.

‘‘आमच्या छापखान्यात साध्या पंचांगाचं, साबणाच्या जाहिरातीचं पानसुद्धा तीन जणांनी वाचल्याशिवाय यंत्रावर चढत नसे. तुमच्याकडे कोण वाचतं?’’

‘‘निर्मातीबाई वाचतात.’’

‘‘त्यांना डोळ्यांतलं कळतं?’’

‘‘आकड्यांतलं कळतं.’’

‘‘शाबास,’’ आई म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द त्याने यापूर्वी इतक्या वाईट अर्थाने ऐकला नव्हता. ‘‘आता तू म्हणतोस ऑपरेशन साधं आहे. तेव्हा मनाने लिहिलंस आणि आता खरं बोलतोयस, हे मी कशावरून धरू? एकच डोळा आहे माझा. आंधळं होण्यापेक्षा अंधुक बरं.’’

त्याने समजावलं, हातापाया पडला, चिडलासुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी आईनेच वाट दाखवली. ‘‘चूक ज्या पुस्तकात झाली, शुद्धिपत्रही त्याच पुस्तकात लावतात. घरात माझ्या कानाशी पुटपुटून भागायचं नाही. जिथे सगळ्यांना सांगितलंस, तिथेच खरं सांग. मग बघू.’’

तो तडक डॉक्टरीणबाईंकडे गेला. तारीख रद्द करू नका, एवढीच विनंती करायची होती. बाहेर बसणाऱ्या बाईंनी वही उघडली आणि उसासा टाकला. ‘‘तुमच्या आई आठव्या. आज सकाळपासून सात जणांनी नकार कळवला. मेलं काय ते टीव्हीवर दाखवलंय! तो लिहिणारा भेटला ना, तर त्याच्या डोळ्यांत मी स्वतः थेंब घालीन. मिरचीचे.’’

लेखकाने घसा साफ केला. ‘‘तो मीच.’’

आठ! त्यातली एक त्याची आई होती, म्हणून त्याला कळलं तरी. बाकीच्या सात घरांतही कुणीतरी असंच हातापाया पडत असेल, आणि त्या घरांत शिव्या घालायला लेखक हाताशी नसेल. आणि हा तर एका गावातला एक दवाखाना!

डॉक्टरीणबाईंनी त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याहून वाईट केलं. हिरवा झगा घालायला लावून त्याला ऑपरेशनच्या खोलीत कोपऱ्यात उभं केलं. टेबलावर एक निवृत्त बसचालक होते. त्यांची हरकत नव्हती, उलट कुणी बघतंय म्हणून ते जरा ताठ झोपले. डोळा बधिर केला, पण माणूस जागा होता. मध्येच चालकांनी विचारलं, ‘‘सुरू केलंत का?’’ तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘संपत आलं.’’ अठरा मिनिटं लागली. शेवटी डोळ्यावर भोकाभोकाची पारदर्शक वाटी बसवली, चिकटपट्टी लावली, आणि चालक उठून चालायला लागले. पट्टीचे वेढे वगैरे काही नाही.

‘‘धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही,’’ डॉक्टरीणबाई हात धुताना म्हणाल्या. ‘‘थोडा असतो, आणि तो मी प्रत्येकाला आधी सांगते. पण तुमच्या आईंच्या बाबतीत न करण्यातला धोका कितीतरी मोठा आहे. हेच लिहा. माझी आरती ओवाळू नका.’’

त्याने एका बैठकीत प्रसंग लिहिला. मालिकेतल्या सासूबाईंना मोतीबिंदू होतो, सुनेचं पाहून त्या नकार देतात, आणि दुसरी डॉक्टर जुने कागद बघून सांगते, की सुनेचा आजार मोतीबिंदू नव्हताच. पहिल्या डॉक्टरने न तपासता निदान ठोकलं आणि स्वतःची चूक झाकायला ऑपरेशनला जुगार म्हटलं. मग अठरा मिनिटांचं ऑपरेशन, जसं घडतं तसं. ढोल नाही, विजांचा कडकडाट नाही.

निर्मातीबाईंनी कागद वाचून बाजूला सारले. ‘‘यात रडणार कोण?’’

‘‘कुणीच नाही.’’

‘‘मग बघणार कोण? हे बघ, आपण दवाखाना चालवत नाही. लोकांना करमणूक हवी असते. कुणी ती खरी मानत असेल, तर तो त्याचा प्रश्न.’’

परवापर्यंत हेच वाक्य लेखक चारचौघांत स्वतः फेकत असे. आज ते समोरून आलं. त्याला मनापासून राग आला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून मावशी बोलल्या. मावशी म्हणजे सासूबाईंचं काम करणाऱ्या जुन्या नटी. अख्खा सेट त्यांना मावशीच म्हणे. केसांना कलप लावता लावता त्या सगळं ऐकत होत्या.

‘‘माझे दोन्ही डोळे झालेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तीन वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी मी सुईत दोरा ओवला होता. सूनबाईची पट्टी सुटताना मला शेजारी उभं राहून हंबरडा फोडायला लावलात, तेव्हा लाज वाटली हो. पण मला विचारलं कुणी?’’

‘‘मावशी, गोष्ट चालली आहे छान...’’

‘‘चालू दे की. हा प्रसंग करायचा नसेल तर माझी हरकत नाही. मलाही पट्टी बांधा आणि दहा दिवस रजा द्या. कपडेपटात माझ्या बांध्याची कुणी आहे का, तेवढं बघून घ्या.’’

मावशींचा बांधा असा होता, की अख्ख्या इमारतीत जोड मिळणं कठीण. निर्मातीबाईंनी मावशींकडे पाहिलं, लेखकाकडे पाहिलं, आणि नाक मुरडून कागद पुन्हा जवळ ओढले.

चित्रणाआधी लेखकाने आणखी एक गोष्ट केली, जी बारा वर्षांच्या लेखनात कधी केली नव्हती. ते पान त्याने तीन जणांना वाचायला दिलं. डॉक्टरीणबाईंनी दोन वाक्यं खोडली. बाहेर बसणाऱ्या बाईंनी औषधाच्या थेंबांच्या वेळा दुरुस्त केल्या. मावशींनी समासात लिहिलं, ‘दुखत नाही, पण भीती वाटते; ती दाखवू या.’ खाली तिघींच्या सह्या.

भाग दाखवला गेला तेव्हा ऑपरेशनला दोन दिवस उरले होते. आई टीव्हीच्या इतकी जवळ बसली, की नाक काचेला टेकेल. ‘‘जुगार म्हणणारा खोटं बोलला,’’ असं नवी डॉक्टर म्हणाली, तेव्हा आई ‘हं’ म्हणाली. संपल्यावर तिने हात पुढे केला.

‘‘ते तीन सह्यांचं पान दे.’’

त्या डोळ्याने तिला अजून वाचता येत नव्हतं, तरी तिने ते घडी करून पर्समध्ये ठेवलं. ठरल्या दिवशी ती दवाखान्यात गेली, डॉक्टरीणबाईंसमोर पान उलगडलं आणि विचारलं, ‘‘ही सही तुमची?’’

‘‘माझीच.’’

‘‘आणि खोडलंय तेही तुम्हीच?’’

‘‘मीच. तुमचे चिरंजीव जरा वाहवत गेले होते.’’

‘‘ते जातात,’’ आई म्हणाली आणि टेबलावर जाऊन आडवी झाली.

बाहेरच्या बाकावर लेखकाने घड्याळाकडे बघत अठरा मिनिटं काढली. एकोणिसावं लागलं, विसावं लागलं. बाविसाव्या मिनिटाला तो उठला आणि पुन्हा बसला. सगळं आपण लिहिलं, अंधारही आपणच लिहिला, आणि तो आता आईच्या वाट्याला आला तर, एवढाच विचार त्याच्या डोक्यात घोळत होता. चोविसाव्या मिनिटाला दार उघडलं आणि डोळ्यावर पारदर्शक वाटी लावलेली आई चालत बाहेर आली. तिच्यामागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘छान झालं. मोतीबिंदू जरा कडक होता, म्हणून थोडा वेळ जास्त लागला.’’ लेखक बाकावर बसला होता तिथेच ढसाढसा रडला. बारा दिवसांत इतकं मोकळं त्याला वाटलं नव्हतं.

‘‘यात रडणार कोण, ते कळलं एकदाचं,’’ आई म्हणाली. निर्मातीबाईंचा किस्सा त्याने तिला सांगितला होता.

बाहेर बसणाऱ्या बाईंनी जाता जाता वही दाखवली. सातांपैकी पाच जणांनी पुन्हा तारखा घेतल्या होत्या. उरलेल्या दोघांना त्या स्वतः फोन करणार होत्या.

महिन्याने आईला नवा चष्मा मिळाला. त्या संध्याकाळी ती टीव्हीपासून चार हात लांब, खुर्चीत ऐटीत बसली. मालिकेच्या शेवटी नावं सरकू लागली तशी ती पुढे झुकली.

‘‘ते तुझं नाव? एवढंसं?’’

‘‘एवढंच असतं, आई.’’

‘‘मला वाटायचं, पडदाभर असेल.’’ ती हसली, मग गंभीर झाली. ‘‘एवढ्याशा अक्षरातल्या माणसाने बोललेलं लोक केवढं मोठं करून ऐकतात बघ.’’

लेखकाने मान हलवली. टेबलावर उद्याच्या भागाचे कागद होते. गेल्या महिन्याभराच्या सवयीने तो ते तिला वाचून दाखवायला घेऊ लागला, तर आईने कागद त्याच्या हातातून काढून घेतले, चष्मा नाकावर सारखा केला आणि दिवा जवळ ओढला.

‘‘वाचून कशाला दाखवतोस? मला दिसतंय आता,’’ ती म्हणाली. ‘‘माझी लाल पेन्सिल आण.’’