जाम केलेले बोल्ट

रेश्माने तिसऱ्या बोल्टवर खडूने फुली मारली, तेव्हा हातातली कामं टाकून माणसं तिच्याकडे बघायला लागली. मुरबाडच्या एमआयडीसीत अ‍ॅसिडची ती उंच टाकी उभी राहत होती. आराखडा रेश्माचा, उभारणीचं काम तिच्या मोठ्या दिराचं, देवजीचं. त्याने पायथ्याचे सगळे बोल्ट तळाच्या पट्टीला वेल्डिंगने जाम करून टाकले होते.

“भाऊजी, हे वेल्डिंग कापावं लागेल.”

“मॅडम,” देवजी म्हणाला. घरी तो तिला नावाने हाक मारी. “आमी घट्ट केलं, ते चुकलं?”

तिने समजावून पाहिलं. भूकंपात टाकी डुलणारच. तेव्हा बोल्टांना ताणायला जागा हवी. ते अडकले की सगळा जोर टाकीच्या पत्र्यावर येतो, पत्रा फाटतो. आत अ‍ॅसिड, खाली माणसं. देवजीने ऐकता ऐकता हातमोजे काढून तिच्या पायाशी टाकले.

“इथं कधी झालाय भूकंप? भूकंपाचं नाव नाय, घरच्या माणसाचं नाक कापायचंय तुमाला. कापा.”

त्या रात्री सासूने, रखमीने, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तिचं ताट वाढलं. मोठा भाऊ आहे, त्याच्या कामावर एकदा सही करून टाक, असं नवरा, आदेश, भिंतीकडे तोंड करून म्हणाला. देवजी कंपनीच्या साहेबांकडे जाऊन आला होता. घरातला राग ती कामावर काढते, असं सांगून. साहेबांनी विचारलं तेव्हा रेश्माने फक्त बोल्टांवर येणाऱ्या जोराचा हिशेब पुढे सरकवला. वेल्डिंग कापलं गेलं.

तेव्हापासून ती ओटीवर आली की देवजी उठून जाई. महिन्याभरात त्याने शेताकडेला वेगळं घर बांधायला काढलं. पायाभरणीला सारं गाव जेवलं. आदेश एकटाच गेला.

पौषात एका दुपारी रेश्मा परसात कपडे वाळत घालत होती. देवजीची बायको जनी येऊन उभी राहिली आणि न सांगताच बादलीतलं लुगडं पिळायला लागली.

“उद्या आमच्या स्लॅबच्या सळ्या बघून जाशील गो? माल ओतायच्या आधी.”

“भाऊजींना चालेल?”

जनीने लुगडं झटकलं.

“त्यांनीच सांगितलंय. पन ते नसताना ये म्हनले. उद्या म्हशाच्या जत्रंला जातायत. बैल बघायला.”

रेश्माने मान डोलावली. ट्रॅक्टर आल्यापासून घरात कुणी बैल बांधला नव्हता.