लाल शाईने कापलेले दोन गुण

इंदुताईंनी लाल शाईने कापलेला गुण तीस वर्षांत कधी परत दिला नव्हता. हिमायतनगरच्या त्या इंग्रजी क्लासात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर सुप्रिया पांढरीफटक पडून त्यांच्यासमोर उभी होती.

तिने 'ड्राइव्ह स्लोली'ऐवजी 'ड्राइव्ह स्लो' लिहिलं, बाईंनी दोन गुण कापले आणि नेमक्या त्या दोन गुणांनी पोरगी नापास झाली. पाचच्या आत सर्टिफिकेट पाठवलं नाही तर मिळालेली नोकरी जाणार होती. साडेचार वाजून गेले होते.

"मॅडम, आता तसं चालतंय. नक्को म्हणू नका ना," ती म्हणाली.

"रस्त्यावरच्या पाट्या वाचून इंग्रजी शिकता तुम्ही!" इंदुताई कडाडल्या.

क्लासचे मालक प्रतापराव यांनी नवा जाडजूड शब्दकोश पुढ्यात उघडला. "ताई, हातच्या कांकणाला आरसा कशाला? दोन्ही रूपं दिलीत. सर्टिफिकेटवर सही करा."

खरंच छापलं होतं. 'स्लोली'ची शेपटी गळली तरी चालत होती. भाषा बाईंना न विचारताच पुढे निघून गेली होती.

पण इंदुताईंचा हात उचलेना. शाळेत शिकवत असताना नववीत त्यांनी पोटच्या मुलाला, वरुणला, असल्याच चुकांपायी दोनेक गुणांनी नापास केलं होतं. आईने झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको! शाळेने पाठ थोपटली. पोरगं मात्र वर्षभर लहान मुलांत मान खाली घालून बसलं, आणि पुढे पुण्याला गेलं ते सणावारीही येईना. आज हिला गुण दिले, तर त्याचं वर्ष आपण फुकट घालवलं हे कबूल करावं लागणार होतं. भीती वाटत होती ती याची.

पावणेपाच. सुप्रिया रडत नव्हती, आणि तेच इंदुताईंना सोसवेना. वरुणही तेव्हा रडला नव्हता.

त्यांनी लाल पेन उचललं, स्वतःचीच रेघ खोडली आणि सही ठोकली. "पळ, आधी पाठव ते!"

मग तिथेच बसून त्यांनी वरुणला फोन लावला.

"आई? बरी आहेस ना?"

"तुझे नववीतले दोन गुण मी उगीच कापले रे. चुकलं माझं."



"दोन नाही, आई," वरुण हळूच म्हणाला. "दीड."