माझी चढाई आणि शंभर जीबी

लॅपटॉपवर जागा रिकामी ठेवायची असते असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. पाचशे बारा जीबीची ड्राइव्ह घेतली ती काय आतून हवा खायला? तालुक्यातल्या कबड्डी स्पर्धांचं चित्रीकरण मी करतो आणि एकही सामना पुसत नाही. पोशीरपासून खालापूरपर्यंतची पोरं येऊन आपापले सामने मागतात. पुसले तर त्यांना काय तोंड दाखवू?

खालापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा भाचा स्वप्नील मात्र हात धुऊन मागे लागला होता. पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा म्हणायचा.

"मामा, सगळ्या खळ्यावर भारंच रचलं, तर झोडनार कुठं?"

त्याचं म्हणणं असं, की नवीन लिहायला या ड्राइव्हला आत कोरी जागा लागते. ती नसली की ती जुनं सामान इकडचं तिकडं हलवते, पुसते आणि मग लिहिते. त्यात काम रखडतं, शिवाय सारखं पुसून पुसून ड्राइव्ह लवकर झिजते. मी हो हो म्हणायचो आणि पुढचा सामना भरायचो.

गेल्या रविवारी पोशीरला मुलींच्या स्पर्धेत माझी मुलगी अपेक्षा खेळत होती. एका अकादमीच्या मॅडमना निवडीसाठी तिचा अंतिम सामना बघायचा होता, पण अखंड. कापाकापी केलेला चालणार नव्हता. सकाळी उपांत्य सामना कॅमेऱ्यातून थेट लॅपटॉपवर टिपला आणि लावून बघितला, तर अपेक्षा मध्यरेषा ओलांडते आणि एकदम परत आलेलीच दिसते. मधे काय झालं ते देवाला ठाऊक. चौदा जीबी अजून शिल्लक होती, म्हणजे मावायचा प्रश्न नव्हता. लॅपटॉप लिहितानाच अडखळत होता. माझ्या हावरटपणात पोरीची संधी अडकली होती.

स्वप्नीलला फोन केला. भाच्याने टोमणा मारला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. शंभर जीबी मोकळी करा, रिसायकल बिनमधूनसुद्धा काढा आणि मग थोडा वेळ लॅपटॉप नुसता चालू ठेवा, म्हणाला.

दुसऱ्यांचे सामने पुसायचा मला हक्क नव्हता. राहिला 'महत्त्वाचे' नावाचा फोल्डर. मी तरुणपणी एका चढाईत चार गडी बाद केले होते, तो सामना त्यात होता. बारा वेळा. संथ गतीत, गाण्यासकट, दुसऱ्या गाण्यासकट, मोठ्या पडद्यासाठी. एक तर उलटा चालणारा, तो का केला ते मलाही आठवत नाही. अकरा कॉप्या उडवल्या, तरी थोडकं कमीच पडत होतं. मग मूळ सामना पेन ड्राइव्हवर घ्यायला डेस्कटॉपवरचं त्याचं चित्र तिकडे ओढलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत कॉपी झाली. म्हटलं, जागा झाल्याबरोबर गडी कसा पळायला लागला बघा. मग मूळही पुसलं आणि बिन रिकामा केला.

दुपारचा अंतिम सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत रेकॉर्ड झाला. मी दोनदा तपासला, कुठेही तुटला नव्हता. अपेक्षाने शेवटच्या चढाईत दोघींना बाद केलं, तेही स्पष्ट दिसत होतं. छाती भरून आली.

मग सहज पेन ड्राइव्ह उघडली. आत दोन केबीचं चित्र होतं, कोपऱ्यात एक बाण, म्हणजे नुसता शॉर्टकट. सामना आलाच नव्हता, नुसतं त्याचं दार आलं होतं.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तोवर माणसं पांगली होती. अपेक्षा पाणी पीत जवळ आली, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने बाटली माझ्या हातात दिली आणि रिकाम्या मैदानात गेली.

डावीकडे हूल, मग वळून कोपऱ्यातल्याला हात, मग मागच्याला पाय. माझीच चढाई. लहानपणापासून मी तिला इतक्यांदा दाखवली होती की तिला पावलापावलाने पाठ होती. माझा हात आपसूक कॅमेऱ्याकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या, पप्पा," ती तिथूनच म्हणाली. "तुमी नुसतं बघा."

मी बघत राहिलो. चौथा गडी बाद करून परतताना मी तोंडावर आपटलो होतो. अकराही कॉप्यांतून मी ते कापून टाकलं होतं, फक्त मूळ सामन्यात राहिलं होतं. पोरीने तेही सोडलं नाही.