नव्याण्णववर अडलेली पट्टी

मित्रांनो, मी आहे एक जुनी पट्टी. लाकडाची नाही, मोजमापाचीही नाही. वेबपानावर व्हिडिओ उघडताना त्याच्या चौकटीखाली जी निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरकते ना, ती मी. हल्ली मला फारसं कुणी ओळखत नाही, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म एका फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत झाला. तिथे दोन टेबलं होती, एक कुरकुरणारा पंखा होता आणि ताई होती. ताई लोकांची संकेतस्थळं बनवायची. तिची आई गेली, तेव्हा आईचे विणकामाचे व्हिडिओ तिने एका पानावर लावले. ते पान दोघींपुरतंच होतं, ताई आणि दूरच्या शहरात राहणारी तिची धाकटी बहीण. धाकटीचं इंटरनेट गोगलगाईच्या चालीचं. व्हिडिओ येईपर्यंत समोर नुसती काळी चौकट. ती बघून धाकटी वैतागायची, म्हणून ताईने मला बनवलं.

पण बनवताना तिने एक लबाडी केली. व्हिडिओ खरोखर किती आला, हे मोजणं किचकट होतं. त्याऐवजी तिने मला घड्याळावर चालायला शिकवलं. दहा सेकंदांत नव्याण्णव टक्के गाठायचे आणि व्हिडिओ येईपर्यंत तिथेच थांबायचं. "पट्टी हलताना दिसली की माणसाला धीर येतो," असं ती स्वतःशीच म्हणाली. खोटं कशाला बोलू, धावायला मलाही आवडायचं.

ते दिवस फार सुखाचे होते. दुपारी जेवणं उरकली की धाकटी लोकर घेऊन बसायची. मी सुसाट नव्याण्णववर जायची, जरा दम खायची आणि मग पडद्यावर आई यायची. "सुई सैल धर गं, लोकर काही पळून जात नाही," आई म्हणायची. धाकटी हसायची, कधी डोळे पुसायची. "शहाणी गं माझी पट्टी!" असंही एकदा म्हणाली होती. तेवढं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

मग धाकटीला दिवस गेले. घरातलं प्रत्येक बाळ दवाखान्यातून घरी आलं होतं ते आईने विणलेल्या स्वेटरमध्ये. आता आई नव्हती, म्हणून हा स्वेटर धाकटीने विणायला घेतला. पाठ झाली, बाह्या झाल्या, उरला गळा. गळ्याचे टाके कसे उचलायचे, हा आईचा शेवटचा व्हिडिओ. धाकटीने तो उघडला. मी नव्याण्णववर गेले आणि थांबले.

सलग सहा दुपारी हेच झालं. "माझंच नेट मेलं हळू," असं म्हणून ती सुया खाली ठेवायची. ताईला तिने विचारलंही नाही. एकच टक्का उरलाय, त्यासाठी तिला कामातून कुठे उठवायचं? पण येण्यासारखं काही नव्हतंच, मित्रांनो. ताईने संगणकावरची जागा रिकामी करताना चुकून ती फाईलच पुसली होती. मला ते कळलं नाही. मला फक्त घड्याळ कळायचं.

सातव्या दुपारी धाकटी दवाखान्यात होती. बाळ घरी आलं ते दुकानातल्या स्वेटरमध्ये.

पुढे फोनवर सगळं उलगडलं. "अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस?" ताईने विचारलं.

"काय सांगणार? पट्टी म्हणत होती, आलंच आता. नाही म्हणाली असती, तर पहिल्याच दिवशी तुला फोन केला असता."

 मग ज्यावर ते व्हिडिओ काढले होते, तो आईचा बंद पडलेला फोन घेऊन ताईने दुरुस्तीवाल्याकडे हेलपाटे घातले. व्हिडिओ मिळाला. तो पानावर लावण्याआधी तिने मला नव्याने लिहिलं. आता जेवढं आलं तेवढंच सरकायचं. काहीच नसेल, तर 'व्हिडिओ सापडला नाही, ताईला फोन कर' असं सरळ सांगायचं.

त्या दुपारी मी बारावर अडले, मग चाळीसवर. धाकटी बाळाला मांडीवर घेऊन शांतपणे बघत होती. शेवटी आई आली. पण गळा पुरा झाला, तोवर बाळाला बाह्या आखूड झाल्या होत्या.

आज व्हिडिओ चुटकीसरशी उघडतात आणि मी दिसते न दिसते तोच नाहीशी होते. त्याचं दुःख नाही. तो स्वेटर आता एका बाहुलीच्या अंगात आहे, त्याचं मात्र आहे. मित्रांनो, कुणी तुमची वाट बघत असेल, तर बारा टक्के असताना बाराच सांगा. काहीच नसेल, तर तेही सांगा. बारावर माणूस उठून दुसरी वाट शोधतो. नव्याण्णववर तो बिचारा बसून राहतो.