तिमोफीचं तळं

ओस्टॅपच्या ट्रकमध्ये बसायचं म्हटलं की आईला चक्कर यायची. दवाखान्यात न्यायचं तर अर्धा दिवस मनधरणी. आणि आज हीच म्हातारी डोक्याला फुलाफुलांचा रुमाल घट्ट बांधून, पाण्यावर उतरणाऱ्या इवल्याशा विमानात ताठ बसून आली होती. थोरल्यासाठी! ओस्टॅपच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच.

थोरला तिमोफी महायुद्धात बॉम्बर विमानाच्या शेपटीत बसून बंदूक चालवायचा. विमान समुद्रात पडलं, हाडसुद्धा हाती लागलं नाही. त्यांच्या सस्कॅचेवान प्रांतात तळ्यांना काय तोटा? सरकारनं उत्तरेकडच्या बिननावाच्या तळ्यांना अशा गेलेल्या पोरांची नावं द्यायला घेतली, त्यात ह्याचंही लागलं. तेव्हापासून चर्चमध्ये, दुकानात एकच विषय. शेजारचा हॅव्रिलो म्हणाला, "मजा आहे बुवा तुमची, घरचं तळं!" ओस्टॅपनं त्याला वापरायला दिलेली करवत दुसऱ्याच दिवशी परत मागून आणली.

वैमानिकानं दोघांना काठावरच्या खडकावर उतरवलं आणि तो लांब जाऊन गळ टाकून बसला. आईनं घरून वेणीसारखा वळलेला गोल पाव आणला होता. त्याचे तुकडे ती थोरल्याच्या नावानं पाण्यात सोडू लागली.

"किती मोठं आहे रे! अगदी त्याच्या मनासारखं."

मोठं मन! तिमोफी उडायला गेला तेव्हा नांगर, गाई, आजारी बाप, सगळं पोरसवदा ओस्टॅपच्या गळ्यात पडलं होतं. त्या रगाड्यात लग्नही राहून गेलं. त्याचा तोल सुटला.

"आणि मी आई? इतकी वर्षं तुझ्यासाठी राबतोय. माझ्या नावाचं काय आहे? एक डबकंसुद्धा नाही!"

आई गर्रकन वळली. "मेल्या, तळं मेल्यावर मिळतं! तो गेल्यापासून रोज देवाला विनवतेय, ह्या पोराचं नाव कशालाही लागू देऊ नकोस म्हणून. आणि तू डबकं मागतोस?"

तिनं उरलेला पाव त्याच्या हातात कोंबला आणि पुन्हा पाण्याकडे तोंड केलं.

"तिमोफी, धाकटा आलाय बरं का. रुसलाय जरा. सांभाळून घे त्याला."

केस पिकायला लागलेल्या ओस्टॅपला आता बाविशीतच गेलेल्या पोरानं सांभाळून घ्यायचं होतं. चिडावं की रडावं, त्याला कळेना. थोरला मात्र अजूनही तोच होता.